"पित्त पडलं" म्हणून सोडू नका: बाळाच्या आतड्याला पीळ पडतो तेव्हा

तान्ह्या बाळाने दूध ओकलं तर घरात कोणी दचकत नाही. खांद्यावरचं फडकं त्यासाठीच असतं. एखाद्या दिवशी त्या फडक्यावर पांढऱ्याऐवजी हिरवा डाग दिसतो. आजी म्हणते, "पित्त पडलं, आता बरं वाटेल त्याला." बाळही दमून थोडा वेळ शांत झोपतं, आणि हातातला मोलाचा वेळ निघून जातो.

घोटाळा शब्दात आहे. मराठीत "पित्त" हा शब्द दोन कामं करतो. मोठ्या माणसाला जागरणाने किंवा उपाशीपोटी चहा घेतल्याने जळजळतं, आंबट-कडू पाणी येतं, त्याला आपण "पित्त झालं" म्हणतो. ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं आणि पडून गेलं की खरंच बरं वाटतं. यकृतात तयार होणाऱ्या पाचकरसाचं नावही पित्तच. बाळाच्या हिरव्या उलटीत असतो तो हा दुसरा. तो तोंडावाटे बाहेर येतोय याचा अर्थ खाली कुठेतरी वाट अडली असण्याची शक्यता आहे. मोठ्यांच्या पित्ताचा अनुभव बाळाला लावला की नेमकी उलटी समजूत होते.

## हिरवा म्हणजे कुठला हिरवा

यकृतातून निघताना पित्त सोनेरी-पिवळं असतं. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की ते हिरवं होतं. पित्ताची नळी जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणदार भागात उघडते. डॉक्टर या भागाला ड्युओडेनम म्हणतात. एरवी पित्त तिथून खाली वाहून जातं. खालची वाट बंद झाली की ते मागे फिरून जठरात येतं, मोरीचं तोंड तुंबल्यावर पाणी वर यावं तसं.

म्हणून उलटी किती झाली किंवा किती जोरात झाली यापेक्षा तिचा रंग जास्त सांगतो. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळात जठराचं खालचं तोंड जाड होऊन बंद होतं, तेव्हा उलटी पिचकारीसारखी दूरवर उडते, पण पांढरीच असते, कारण अडथळा पित्ताच्या नळीच्या वर असतो. तोही आजार उपचार मागतो, पण त्यात तासांची घाई नसते. हिरवी उलटी चमचाभर असली तरी घाईची.

पुदिन्याची चटणी, पालकाचं पाणी, शेवाळ यांपैकी कशासारखाही डाग असेल, तर तो हिरवाच समजा. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीकदूध पिवळसर असल्याने उलटी फिकट पिवळी दिसू शकते; तरी शंका असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. शी हिरवी असणं मात्र वेगळी गोष्ट आहे. बाळाची शी हिरवी होतच असते, तिला या प्रकरणात ओढायचं कारण नाही. मोठ्या मुलाला जुलाब-उलट्यांच्या साथीत आठ-दहा उलट्या झाल्या की शेवटी पित्त येऊ शकतं. पण पहिलीच उलटी हिरवी असेल, किंवा दोन उलट्यांच्या मध्येही पोट दुखत राहत असेल, तर ते साथीच्या नावावर ढकलू नये.

डागाचं फडकं धुऊ नका. पिशवीत घालून सोबत न्या आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा. ट्यूबलाइटखाली हिरवा आणि पिवळा सहज गल्लत करतात, आणि "हिरवट होती बहुतेक" या वाक्याने डॉक्टरांना फारशी मदत होत नाही.

## आतडं पोटात असतं कसं

आतडं पोटात सुटं पडलेलं नसतं. ते एका पातळ पडद्याने पाठीच्या बाजूला बांधलेलं असतं. नऊवारीच्या निऱ्या डोळ्यांसमोर आणा: कमरेला खोचलेली जागा वीतभर, खाली घेर केवढा तरी. मोठ्या माणसात या पडद्याची मुळाकडची रेघ साधारण १५ सेंटिमीटरची, आणि तिच्यावर तोललेलं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास. आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि रक्त परत नेणारी शीर याच पडद्यातून जातात.

आता बाल्कनीतली दोरी पाहा. चादर दोन्ही टोकांना चिमटे लावून वाळत घातली तर खाडीवरचा वारा ती फडफडवतो, पण ती स्वतःभोवती फिरत नाही. तीच चादर मधोमध एकाच चिमट्याला लटकवली, तर संध्याकाळपर्यंत तिची वात वळलेली असते.

आतड्यालाही असेच दोन चिमटे असतात. एक पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला, जिथे ड्युओडेनम संपतो. दुसरा खालच्या उजव्या बाजूला, अपेंडिक्सजवळ, जिथून मोठं आतडं सुरू होतं. ही जागा आपोआप मिळत नाही. गर्भाच्या सहाव्या आठवड्यात वाढतं आतडं पोटात मावेनासं होतं आणि नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते परत पोटात येतं. या जाण्यायेण्यात ते मुख्य धमनीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश, म्हणजे पाऊण फेरा फिरतं आणि मग दोन्ही टोकं जागच्या जागी चिकटतात.

हा फेरा अपुरा राहिला की त्याला मालरोटेशन म्हणतात. आपण "चुकीची ठेवण" म्हणू. दोन्ही चिमटे मग शेजारी-शेजारी येतात, पडद्याचं मूळ अरुंद होतं आणि सगळं लहान आतडं एका देठावर लोंबकळतं. भरीला, मोठ्या आतड्याचं तोंड उजवीकडे खाली न पोचता वरच राहिल्याने त्याला बांधणारे पट्टे ड्युओडेनमवरून आडवे जातात आणि त्याला दाबतात. पीळ न पडताही काही बाळांना हिरव्या उलट्या होतात, त्या या दाबामुळे.

अशी ठेवण साधारण ५०० जणांत एकाची असते असं मानलं जातं. तिचा त्रास होऊन उपचार लागतात ते अंदाजे ६,००० जन्मांमागे एकाला. जांघेतला किंवा बेंबीचा साधा हर्निया हा वेगळा प्रकार आहे. पण आतडी पोटाच्या भिंतीबाहेर घेऊन जन्मलेली बाळं, श्वासपटलाला भोक असलेली बाळं आणि हृदय वा इतर अवयवांच्या डाव्या-उजव्या बाजू बदललेली मुलं यांच्यात चुकीची ठेवण पुष्कळदा आढळते.

## पीळ पडल्यावर

देठावर लोंबणारं आतडं बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने फिरतं. एक, दोन, कधी तीन वेढे. यालाच व्हॉल्व्ह्युलस म्हणतात, आपल्या भाषेत पीळ. आधी वाट बंद होते आणि हिरवी उलटी येते. मग शीर दबते, कारण तिची भिंत पातळ. धमनी जाड भिंतीची, ती अजून रक्त ढकलत असते. येणारं रक्त येतंय, जाणारं अडलंय, अशा अवस्थेत आतडं सुजतं, जांभळं होतं आणि आतून रक्त झिरपायला लागतं. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसतं ते या टप्प्यावर. पीळ आणखी घट्ट झाला की धमनीही बंद होते आणि आतडं मरायला लागतं.

पूर्ण पीळ बसला तर काही तासांत आतड्याचं कायमचं नुकसान होतं. शल्यचिकित्सक सहा तासांचा हिशेब डोक्यात ठेवतात, पण तो काही हमीचा आकडा नाही. शिवाय हे घड्याळ पीळ बसल्या क्षणी चालू होतं, रुग्णालयातला केसपेपर निघेपर्यंत थांबत नाही.

## "पण बाळ हसतंय, पोटही मऊ आहे"

ही सर्वांत फसवी शंका आहे, आणि ती आईवडिलांनाच नाही, कधीकधी डॉक्टरांनाही गाफील ठेवते. अडथळा अगदी वरच्या बाजूला असल्याने पोट फुगायला फारसं काही खाली गेलेलंच नसतं. सुरुवातीला पोट मऊ, सपाट, कधी तर खपाटीला गेलेलं दिसतं. बाळाने आदल्या दिवशी शी केलेली असते, कारण खालच्या आतड्यात आधीचा साठा असतो. पोट फुगणं, कडक होणं, लालसर-निळसर दिसणं, बाळ पांढुरकं पडणं, हातपाय गार लागणं, शीतून रक्त जाणं ही सगळी उशिराची लक्षणं आहेत. त्यांची वाट पाहणं म्हणजे आतडं जाण्याची वाट पाहणं.

बेंबीभोवती हिंग लावणं, पोट चोळणं, बेंबी सरकली म्हणून ती बसवून आणणं, बाळगुटी, ग्राइप वॉटर यांनी हा पीळ सुटत नाही. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डनसेट्रॉनच्या औषधानेही नाही. औषधाने उलटी थांबलीच तर हातात असलेली एकमेव खूण तेवढी पुसली जाते. एखादी दृष्ट काढून निघालात तर कोणाची हरकत नाही, पण दाराबाहेर पडून रिक्षा येईपर्यंत.

## घरातून निघताना

दूध, पाणी, साखरपाणी काही देऊ नका. बाळ भुकेने रडेल. सलाइनमधून साखर मिळेपर्यंत तेवढं सोसावं लागेल. टोपी-मोजे घालून, शक्य असेल तर आईच्या किंवा बाबांच्या छातीशी धरून ऊब द्या. उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ नये म्हणून बाळाची मान एका बाजूला ठेवा. शेवटचं दूध किती वाजता, शेवटची लघवी किती वाजता, पहिली हिरवी उलटी किती वाजता, हे तिन्ही वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. जन्माचं कार्ड घ्या: त्यावर वजन असतं आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं की नाही याची नोंद असते. ऑपरेशनपूर्वी ही नोंद विचारली जाते, कारण ते इंजेक्शन रक्त गोठण्याशी संबंधित आहे.

कुठे जायचं? ठाणे आणि नवी मुंबईत प्रसूतिगृहं आणि नवजात अतिदक्षता विभाग, म्हणजे एनआयसीयू, पुष्कळ आहेत. पण एनआयसीयू आहे म्हणजे बाळाचं ऑपरेशन तिथे होतं असं नव्हे. बालरोगतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक हे दोन वेगळे डॉक्टर. फोन करून तीन गोष्टी विचारा: बालशल्यचिकित्सक आत्ता येऊ शकतील का, नवजात बाळाला भूल देणारे डॉक्टर आहेत का, एनआयसीयूत जागा आहे का. "सर उद्या सकाळी बघतील" असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

मुंबईत परळचं वाडिया, केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक या रुग्णालयांत बालशल्य विभाग आहेत. ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि वाशीकडून सायन-पनवेल महामार्ग, दोन्ही सायनकडेच जातात. पण बाळ गळून गेलं असेल, हातपाय गार असतील किंवा श्वास जड चालला असेल, तर घोडबंदर रोडवरून थेट परळ गाठायचा हट्ट धरू नका. जवळच्या रुग्णालयात सलाइन आणि नाकातली नळी लावून, मग १०८ किंवा एनआयसीयूच्या रुग्णवाहिकेतून पुढे जा. गायमुखच्या कोंडीत अडकलेल्या बाळाला सलाइन चालू असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. शहापूर-मुरबाडकडच्या लोकांनी तर हे आधीच गृहीत धरावं.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याची गाडी मोफत आहे. पुढे ही सोय वर्षभराच्या बाळांपर्यंत वाढवली गेली. योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठा. तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवरून घेण्याची तरतूद योजनेत आहे, त्यामुळे कागदांसाठी बाळाला ताटकळत ठेवायचं कारण नाही. हे काम बाबा किंवा मामा-काकांनी करावं, आईला रांगेत उभं करू नये.

## पहिल्या तासात डॉक्टर काय करतात

पहिलं काम नळीचं. नाकातून किंवा तोंडातून जठरात नळी घालतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला साधारण ८ नंबरची चालते. तिचं दुसरं टोक बाळापेक्षा खालच्या पातळीवर पिशवीत उघडं सोडतात. ते टोक बंद ठेवणं ही नेहमी घडणारी चूक आहे, विशेषतः रुग्णवाहिकेत. बंद नळी असली काय आणि नसली काय. नळीतून किती मिली आलं हे मोजतात आणि तेवढंच क्षारयुक्त सलाइन शिरेतून परत देतात.

दुसरं काम रक्ताभिसरणाचं. बाळ सुकलेलं असेल तर किलोमागे १० ते २० मिली सलाइन झटपट देतात. तीन किलोच्या बाळाला हे ३० ते ६० मिली, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढंच. पण एवढ्याने नाडी सावरते. लगोलग रक्तातली साखर तपासतात, अँटिबायोटिक चालू करतात, रक्तगट पाहून रक्त राखून ठेवायला सांगतात आणि बाळ वॉर्मरखाली ठेवतात. शल्यचिकित्सकाला फोन हे सगळं उरकल्यावर करायचा नसतो. हिरवी उलटी कळल्या क्षणी करायचा असतो.

## एक्स-रे नॉर्मल आला, मग पुढच्या तपासण्या कशाला?

कारण साधा एक्स-रे हा पीळ नाकारूच शकत नाही. तो इतर गोष्टींसाठी उपयोगी आहे. ड्युओडेनम जन्मतःच बंद असेल तर त्यात दोन हवेचे फुगे दिसतात, आतडं फुटलं असेल तर मोकळी हवा दिसते. पीळ पडलेल्या बाळाचा एक्स-रे मात्र अगदी निर्दोष दिसू शकतो. रक्ताच्या तपासण्यांचंही तेच. आम्लता वाढेपर्यंत उशीर झालेला असतो.

सोनोग्राफी बाळाच्या खाटेजवळ होते, किरणोत्सर्ग नाही. आतड्याची शीर नेहमी धमनीच्या उजव्या अंगाला असते. चुकीच्या ठेवणीत ती पुढे किंवा डावीकडे गेलेली दिसते. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर लावल्यावर शीर आणि पडदा धमनीभोवती गोल गुंडाळलेले दिसले, पाण्याच्या भोवऱ्यासारखे, तर निदान जवळजवळ पक्कं. पुढची तपासणी न करता ऑपरेशनला नेता येतं. अडचण अशी की पोटात वायू जास्त असला किंवा करणाऱ्याला लहान बाळांचा सराव नसला तर भोवरा निसटतो. शीर जागेवर दिसली म्हणून ठेवण बरोबरच आहे, असंही म्हणता येत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल" या दोन शब्दांवर हिरवी उलटी निकालात काढू नये.

मग उरते ती रंगद्रव्याची तपासणी. एक्स-रेवर उठून दिसणारा, पाण्यात मिसळणारा आयोडीनयुक्त द्रव नळीतून थोडासा जठरात सोडतात आणि तो पुढे सरकताना एक्स-रेच्या स्क्रीनवर पाहतात. ड्युओडेनम खाली जाऊन, मणका ओलांडून डावीकडे यायला आणि पुन्हा जठराच्या तोंडाच्या उंचीपर्यंत चढायला हवा. तो मणका ओलांडतच नसेल, उजवीकडेच खाली घसरत असेल, तर ठेवण चुकीची. तो मळसूत्रासारखा गोल गोल फिरत खाली जाताना दिसला तर पीळ. यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण पहिल्या काही सेकंदांचा असतो. एकदा द्रव पुढच्या आतड्यात पसरला की मागचं वळण झाकून जातं. म्हणून रेडिओलॉजिस्ट स्वतः हजर हवा. फिल्म काढून नंतर वाचायची ही तपासणी नव्हे. तीही शंभर टक्के अचूक नाही, पण निर्णय बहुधा तिच्यावर होतो.

आणि बाळ आधीच शॉकमध्ये असेल, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडलं असेल, पोट कडक असेल, शीतून रक्त येत असेल, तर यातलं काहीच करत बसत नाहीत. सरळ ऑपरेशन थिएटर. "तपासणी न करताच पोट उघडलं" अशी तक्रार नातेवाइकांकडून होते. त्या अवस्थेत तपासणीसाठी थांबणं हीच चूक ठरली असती.

दरवेळी पीळच निघतो असं नाही, हेही सांगायला हवं. हिरवी उलटी झालेल्या बऱ्याच नवजात बाळांत शेवटी ऑपरेशनचं कारण सापडत नाही. जंतुसंसर्गाने आतडं सुस्तावलेलं असतं, किंवा काहीच मिळत नाही. एक रात्र रुग्णालयात फुकट गेल्यासारखी वाटते. ती तशी जाणं हा चांगला निकाल आहे.

## "शेजारच्यांच्या बाळाचं एनिम्याने सुटलं होतं"

तो वेगळा आजार. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळ्यांसारखा शिरतो, त्याला इंटससेप्शन म्हणतात. तो मुख्यतः तीन महिने ते तीन वर्षांच्या मुलांत होतो. मूल पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग काही मिनिटं गप्प पडतं, पुन्हा रडतं. पुढे शेंदरी-लाल जेलीसारखी शी होते. त्यात गुदद्वारातून दाबाने हवा किंवा सलाइन सोडून आत शिरलेला भाग मागे ढकलता येतो आणि बहुतेकदा ते जमतं. अडचण दोन्हींत "आतडं अडकलं" एवढीच सांगितली जाते, त्यामुळे गल्लत होते. देठावरचा पीळ खालून हवा सोडून सुटत नाही. त्याला पोट उघडावंच लागतं.

## ऑपरेशन

१९३६ मध्ये बॉस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी ही शस्त्रक्रिया मांडली आणि आजही ती मूळ पायऱ्यांनीच होते. बेंबीच्या वर आडवा छेद घेतात. सगळं आतडं बाहेर काढतात, कारण देठ दिसल्याशिवाय पीळ किती वेढ्यांचा हे कळत नाही. मग घड्याळाचे काटे मागे फिरवावेत तसं उलट दिशेने उलगडतात. जांभळं पडलेलं आतडं कोमट सलाइनच्या घड्यांत गुंडाळून ठेवतात आणि थांबतात. दहा मिनिटं, गरज पडली तर जास्त. थिएटरमधला हा सर्वांत लांब वाटणारा वेळ. हळूहळू गुलाबी रंग परततो, बोटाखाली नाडी लागते, आतडं वळवळतं.

रंग आला की ड्युओडेनमवरचे आडवे पट्टे कापतात, पडद्याची अरुंद घडी उलगडून रुंद करतात आणि अपेंडिक्स काढतात. शेवटी लहान आतडं सगळं उजवीकडे आणि मोठं आतडं सगळं डावीकडे ठेवून पोट शिवतात.

इथे नातेवाईक विचारतात: आतडं मूळ जागी का नाही बसवलं? कारण ते शक्यही नाही आणि त्याची गरजही नाही. चिमटे हव्या त्या जागी लावता येत नाहीत. चादर पसरून ठेवता येते. देठ रुंद झाला की ते पुन्हा स्वतःभोवती फिरण्याची शक्यता खूप कमी होते. अपेंडिक्स निरोगी असूनही काढतात, कारण ते आता डाव्या बाजूला जातं. उद्या त्याला सूज आली तर डावीकडे दुखेल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही.

दुर्बिणीतूनही हे करतात, पण पीळ नसलेल्या, स्थिर मुलात. आणीबाणीत पोट उघडणंच शहाणपणाचं. दुर्बिणीनंतर पोटात चिकटे, म्हणजे आतड्यांना एकमेकांशी चिकटवणारे पट्टे, कमी होतात हा फायदा म्हणून सांगितला जातो, पण इथे थोडे चिकटे आतडं धरून ठेवायला मदतच करतात. दुर्बिणीनंतर पीळ परत पडल्याचं प्रमाण थोडं जास्त नोंदलं गेलंय. एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बालभूलतज्ज्ञ असेल तर सोसते. पीळ सोसत नाही.

## आतडं काळं पडलं असेल तर

पूर्ण मेलेला तुकडा काढावाच लागतो. जिथे खात्री नसते तिथे कापत सुटत नाहीत. शंकास्पद भाग तसाच ठेवून पोट तात्पुरतं बंद करतात आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडून पाहतात. या मधल्या दिवसात काही सेंटिमीटर वाचले तरी ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण अडीच मीटर असतं. त्यातलं फार थोडं उरलं तर तोंडाने दिलेलं दूध पुरेसं शोषलं जात नाही आणि महिनोन्महिने शिरेतून पोषण द्यावं लागतं. ते महाग असतं, शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि यकृतावर ताण येतो. उरलेलं आतडं वाढतं, रुंदावतं, शोषायला शिकतं. पण त्याला वेळ लागतो आणि प्रत्येक बाळ तिथवर पोचत नाही. जवळजवळ सगळंच आतडं काळं निघालं तर डॉक्टर आईवडिलांना बाजूला घेऊन बोलतात. त्या बोलण्याला सोपी भाषा नाही.

## गर्भातल्या सोनोग्राफीत का दिसलं नाही?

पाचव्या महिन्यातल्या तपासणीत हृदय, मेंदू, मूत्रपिंडं दिसतात. आतड्याचा पडदा कुठे चिकटलाय हे दिसत नाही. पीळ गर्भातच पडून आतडं फुगलं असेल तरच संशय येतो. सोनोग्राफी करणाऱ्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

## मोठ्या मुलांत, आणि योगायोगाने सापडलं तर

बहुतेक बाळं पहिल्या महिन्यात किंवा निदान पहिल्या वर्षात उघडकीला येतात. उरलेली मुलं मात्र वर्षानुवर्षं "ॲसिडिटी", "जंत", "शाळेत न जाण्याचं नाटक" यांच्या नावावर खपतात. अधूनमधून जेवणानंतर दुखतं, एखादी हिरवी उलटी होते, मग आपोआप बरं वाटतं, वजन वाढत नाही. आतडं अर्धवट वळतं आणि सुटतं. अशा मुलाची एकदा रंगद्रव्याची तपासणी व्हायलाच हवी.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये चुकीची ठेवण सापडली आणि त्रास काहीच नाही, तेव्हा काय करायचं यावर शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. लहान मुलात, देठ अरुंद दिसत असेल तर बहुतेक जण ऑपरेशन करून टाका म्हणतात. हृदयाचा गंभीर आजार असलेल्या मुलात थांबून लक्ष ठेवण्याकडे कल असतो. इथे दुसरं मत घ्यायला सवड आहे; पीळ पडलेला असताना नसते.

## घरी आल्यावर

ऑपरेशननंतर काही दिवस नळीतून हिरवंच पाणी येतं आणि आई घाबरते. ते अपेक्षित आहे. आतडं जागं व्हायला वेळ घेतं. पाणी कमी आणि फिकट होत गेलं की आईचं काढलेलं दूध ५-१० मिलीने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. तोवर आईने दर तीन तासांनी दूध काढत राहावं, नाहीतर बाळ तयार होतं आणि दूध आटलेलं असतं. आतडं कापावं लागलं नसेल तर साधारण आठवडा-दहा दिवसांत घरी सोडतात. लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळापत्रकाप्रमाणे चालू राहतात.

पुढे कधीही पुन्हा हिरवी उलटी झाली, पोट फुगलं, शी-वायू बंद झालं, तर तेच फडकं, तीच घाई. पीळ परत पडणं क्वचित होतं. आतल्या चिकट्यांमुळे आतडं अडकणं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि तेही बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत.

डिस्चार्ज कार्डाचे दोन फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहून घ्या: लॅड शस्त्रक्रिया झाली आहे, अपेंडिक्स काढलं आहे, मोठं आतडं डावीकडे आहे. वीस वर्षांनी हे मूल दुसऱ्या गावी पोटदुखीसाठी दवाखान्यात गेलं, तर तिथल्या डॉक्टरांना उजवीकडे अपेंडिक्स शोधत बसावं लागणार नाही.